घोड्याची लाथ खाल्लेला घोडेस्वार

बेंजामिन ग्रिअरसन आठ वर्षांचा असताना एका घोड्याने त्याच्या तोंडावर लाथ हाणली. काही काळ त्याची दृष्टीच गेली होती. दृष्टी परत आली, पण गालावरचा व्रण राहिला. पुढे त्याने दाढी वाढवली ती त्यासाठीच म्हणे. घोड्यांबद्दलची अढी मात्र दाढीखाली झाकता येणारी नव्हती. आणि नशीब असं की हाच माणूस १८६१ ते १८९० अमेरिकेच्या घोडदळात होता. तोही नुसता खोगिरावर बसून हुकूम सोडणारा नव्हे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सर्वांत गाजलेल्या घोडदळ मोहिमांपैकी एक त्याच्या नावावर आहे.

माझा आणि युद्धशास्त्राचा काही संबंध नाही. मी मिरजेत शाळेत संगीत शिकवलं. पेटी, तबला, आणि पंधरा ऑगस्ट-सव्वीस जानेवारीला बँड. मुलगी आणि जावई टेक्सासमध्ये सॅन अँजेलो नावाच्या गावी असतात, आणि त्या गावात फोर्ट कॉन्चो नावाची जुनी लष्करी छावणी जपून ठेवली आहे. चुनखडीच्या दगडाच्या बैठ्या इमारती, मधे भलंमोठं कवायतीचं मैदान, एका बाजूला अधिकाऱ्यांच्या घरांची रांग. किल्ला म्हणून गेलो तर तट नाही, बुरूज नाही. आपल्या डोळ्यांना तो किल्ला वाटतच नाही. जावई म्हणाला, “बाबा, इथला कर्नल तुमच्याच जातीचा. गाण्याचा मास्तर होता.” तिथून मी या माणसाच्या मागे लागलो.

मास्तर म्हणजे अगदी आपल्यासारखाच, पोटापुरतं न मिळवणारा. जन्म १८२६ चा, पिट्सबर्गचा. ओहायोतल्या यंगस्टाउनमध्ये वाढला. बासरी, क्लॅरिनेट, गिटार, पियानो, हाती येईल ते वाजवायचा. मग इलिनॉयमधल्या जॅक्सनव्हिलला शिकवण्या आणि बँड. १८५४ मध्ये ॲलिस कर्क हिच्याशी लग्न झालं. शिकवण्यांवर संसार चालेना म्हणून मेरडोशा नावाच्या नदीकाठच्या गावात भागीदारीत दुकान टाकलं, ते बुडालं, आणि डोक्यावर कर्ज घेऊन बायकामुलांसह वडिलांच्या घरी परतायची वेळ आली. युद्ध सुरू झालं तेव्हा तो पस्तिशीला टेकलेला, कर्जबाजारी, गुलामगिरीच्या विरोधातला आणि लिंकनच्या पक्षाचा खंदा कार्यकर्ता होता. सुरुवातीला एका सेनापतीच्या हाताखाली बिनपगारी राबला. मनात होतं पायदळात जायचं. हातात पडली सहाव्या इलिनॉय घोडदळातली मेजरकी. त्याने कुरकुर केली. त्यावर जनरल हॅलेकने “काटक दिसतोस, चांगला घोडेस्वार होशील” असं म्हणून वाटेला लावल्याचं सांगतात.

इथे जरा थांबून एक सांगतो, मराठी वाचकाला ते चटकन कळेल. हे युद्ध गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेची राज्यं आणि उत्तरेची राज्यं यांच्यातलं, आणि ग्रिअरसन उत्तरेकडचा. दक्षिणेच्या सैन्यातला घोडेस्वार स्वतःचा घोडा घेऊन यायचा. उत्तरेत घोडा सरकारी. म्हणजे तिकडे शिलेदार आणि इकडे बारगीर! दक्षिणेची पोरं लहानपणापासून खोगिरावर वाढलेली, त्यामुळे पहिली दोन वर्षं त्यांच्या घोडदळापुढे उत्तरेची मंडळी हास्यास्पदच ठरत होती. हे चित्र पालटलं ते १८६३ मध्ये, आणि त्यात आमच्या मास्तरांचा मोठा वाटा.

त्या वर्षी उत्तरेच्या जनरल ग्रँटला मिसिसिपी नदी ओलांडून दक्षिणेचं नदीकाठचं ठाणं व्हिक्सबर्ग घ्यायचं होतं. व्हिक्सबर्गचा बचाव करणारा पेम्बरटन नदीकडे डोळे लावून बसलेला. त्याची मान दुसरीकडे वळवायची, एवढंच काम. १७ एप्रिलला ग्रिअरसन टेनेसीतल्या ला ग्रेंजहून सुमारे १७०० स्वार घेऊन निघाला. दोन पलटणी इलिनॉयच्या, एक आयोवाची. बरोबर थोडा शिधा आणि काही लहान तोफा. कर्नलच्या खिशात एक नकाशा, एक होकायंत्र आणि एक मोरचंग, म्हणजे दातांत धरून वाजवायचं छोटं वाद्य. शत्रूच्या मुलखात सहाशे मैल जायला निघालेला माणूस खिशात मोरचंग ठेवतो, हे वाचलं आणि मी त्याचा झालो.

निघून तीन-चार दिवस होतात तोच त्याने आजारी आणि थकलेले १७५ जण निवडले आणि मेजर लव्ह यांच्याबरोबर परत पाठवले. त्यांना बाकीच्यांनी ‘क्विनाइन ब्रिगेड’ असं नाव ठेवलं. या मंडळींनी रात्रीतून उलट दिशेने जायचं, अशा बेताने की रस्त्यावरच्या टापांचे ठसे पाहून वाटावं सगळी फौजच माघारी गेली. दुसऱ्या दिवशी आयोवाची पलटणही कर्नल हॅचच्या हाताखाली वेगळी काढून दिली. तिने पूर्वेकडचा रेल्वेमार्ग मोडायचा आणि पाठलाग करणाऱ्यांना आपल्या मागे ओढत परत न्यायचं. ते हॅचने चोख केलं. मग आणखी एक छोटी तुकडी मेकन गावाकडे, निव्वळ हूल द्यायला. बँडची मुलं घेऊन मैदानात उतरलेला कुणीही सांगेल, की कोण शेवटच्या फेरीपर्यंत टिकेल आणि कुणाला आधीच रांगेबाहेर घेऊन दुसरं काम द्यावं हे ओळखणं ही अर्धी मास्तरकी. ग्रिअरसनने दुबळ्यांचाही उपयोग केला. धंदेवाईक लष्करी माणसाने त्यांना कदाचित तसंच फरफटत नेलं असतं.

सर्वांच्या पुढे सार्जंट सर्बीचे काही स्वार दक्षिणेच्या सैनिकांचे कपडे घालून जात. लोक त्यांना आपलेच समजून रस्ता सांगत, जेवू घालत, कोण कुठे आहे ते बोलून टाकत. पकडले गेले असते तर हेर म्हणून फाशीच. २४ एप्रिलला ते न्यूटन स्टेशनला पोचले. व्हिक्सबर्गला रसद पुरवणारा पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग तिथून जातो. आलेल्या दोन गाड्या त्यांनी पकडल्या, दारूगोळ्याचे डबे पेटवले, इंजिनं उडवली, रूळ उपटून तापवून वाकवले, तारा तोडल्या.

परतीचा रस्ता आता बंद. ग्रिअरसन उलटा वळलाच नाही. तो दक्षिणेकडे निघाला, हेझलहर्स्ट, ब्रुकहेवन करत लुईझियानाकडे. पेम्बरटन इकडून तिकडे तुकड्या पळवत राहिला. ३० एप्रिलला ग्रँटने ब्रुइन्सबर्गला नदी ओलांडली तेव्हा त्याला अडवायला तिथे कुणी नव्हतं. त्याचं सगळं श्रेय या स्वारीला देणं म्हणजे अतिशयोक्ती. ग्रँटने दुसऱ्याही हुली दिल्या होत्या. पण पेम्बरटनकडे जे थोडं घोडदळ होतं ते या मास्तरामागे धावत होतं, हे खरं.

१ मेला टिकफॉ नदीवरच्या वॉल्स ब्रिजला चकमक झाली, त्यात लेफ्टनंट कर्नल ब्लॅकबर्न प्राणघातक जखमी झाला. शेवटच्या २८ तासांत ७६ मैल आणि चार चकमकी. माणसं खोगिरात झोपत होती. २ मेला बॅटन रूजपासून काही मैलांवर त्याने सगळ्यांना झोपायला सांगितलं. स्वतः जवळच्या बंगल्यात शिरला, दिवाणखान्यात पियानो दिसला, आणि घरातली मंडळी तोंडात बोट घालून बघत असताना हा वाजवत बसला. कारण काय? जागं राहायला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. तेवढ्यात एक शिपाई धावत आला की शत्रू आला. झालं होतं असं की त्याच्याच तुकडीतला एक जण घोड्यावर झोपलेल्या अवस्थेत पुढे निघून थेट बॅटन रूजच्या पहाऱ्यावर पोचला होता, आणि त्याच्या बोलण्यावर विश्वास न बसल्याने तिथल्या उत्तरेच्या फौजेने खात्री करायला माणसं धाडली होती. ग्रिअरसन पायी, हातरुमाल हलवत त्यांना सामोरा गेला.

सोळा दिवस, सहाशे मैल. तीन मेले, सात जखमी, नऊ बेपत्ता, पाच आजारी वाटेत ठेवावे लागले. उत्तरेचा जनरल शर्मन याने या स्वारीला युद्धातली सर्वांत झळाळती मोहीम म्हटलं. ‘हार्पर्स वीकली’च्या मुखपृष्ठावर मास्तर घोड्यावर बसलेले! जूनमध्ये ब्रिगेडियर जनरल झाला, पण युद्धापुरत्या स्वयंसेवक सैन्यातला. युद्धाची पुढची दोन वर्षं मी लांबवत नाही. १८६४ मध्ये ब्राइसेस क्रॉसरोड्सला दक्षिणेच्या जनरल फॉरेस्टने उत्तरेच्या फौजेला सपाटून मार दिला त्यात ग्रिअरसनही होता, आणि वर्षाअखेरीला मिसिसिपीत त्याने आणखी एक मोठी यशस्वी स्वारी केली.

त्याच्यावरची बहुतेक पुस्तकं आणि लेख इथेच दमतात. मला मात्र तो खरा दिसतो तो यानंतर.

१८६६ च्या जुलैत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून कृष्णवर्णीय सैनिकांच्या कायम पलटणी उभारल्या. घोडदळाच्या दोन, नववी आणि दहावी. वरचे अधिकारी गोरेच. पण कित्येक गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यांत जाणं कमीपणाचं वाटे. नववीचा कर्नल झाला हॅच, ला ग्रेंजहून बरोबर निघालेला तोच. आणि दहावीचा ग्रिअरसन. शिपायाला महिना तेरा डॉलर आणि पाच वर्षांचा करार. भरती झालेल्यांत कालपरवापर्यंत गुलाम असलेले बरेच.

पलटण उभी राहायची होती कॅन्ससमध्ये, फोर्ट लेव्हनवर्थला. तिथला ठाणेप्रमुख कर्नल हॉफमन याने या जवानांना राहुट्या ठोकायला जागा दिली ती दलदलीची. माणसं आजारी पडली. जागा बदलून मागितली, मिळाली नाही. परेडला गोऱ्या तुकड्यांपासून अंतर ठेवून उभं राहायचं, त्यांच्यासमोरून संचलन करायचं नाही. ग्रिअरसन हॉफमनशी भर मैदानात भांडला. आपल्या कंपन्यांच्या कागदांवर ‘रंगीत’ असा शेरा लिहायचा नाही, फक्त ‘दहावी घोडदळ’ लिहायचं, असा त्याने हुकूम काढला. शेवटी १८६७ मध्ये पलटण तिथून हलवून फोर्ट रायलीला नेली. वरिष्ठांशी असं भांडण ज्याने केलं त्याच्या बढतीचं काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

मग फोर्ट सिल, आजच्या ओक्लाहोमात. ते ठाणं त्याने बांधलं. कायोवा आणि कोमांचे जमातींच्या बाबतीत तो क्वेकर पंथाच्या सरकारी एजंटबरोबर शांततेचं धोरण चालवायचा, म्हणून सीमेवरचे लोक आणि शेरिडनसारखे वरिष्ठ त्याला मऊ समजत. १८७१ मध्ये खुद्द शर्मन तिथे आला असताना सटांटा वगैरे कायोवा सरदारांना पकडलं गेलं, ते ग्रिअरसनच्या घराच्या ओसरीवर. बंद खिडक्यांमागे दहाव्या पलटणीचे जवान बंदुका रोखून बसलेले. लोन वुल्फ या कायोवा सरदाराने बंदूक उचलली तेव्हा ग्रिअरसनने त्याच्यावर झडप घातली. ज्यांना तो अन्न मिळावं म्हणून धडपडत होता तीच माणसं. मला त्याची ही बाजू गिळायला जड जाते. गुलामगिरीतून सुटलेल्यांना मूळ रहिवाशांच्या जमिनी मोकळ्या करायला वापरलं गेलं, आणि ते वापरणाऱ्यांत हा सज्जन माणूस होता. सज्जन होता म्हणून त्याचं काम बदलत नाही.

१८७५ मध्ये पलटणीचं मुख्यालय फोर्ट कॉन्चोला आलं. पहिल्या नंबरचं घर कर्नलचं. पलटणीचा बँड त्याने जिवापाड सांभाळला. याच घरात सप्टेंबर १८७८ मध्ये त्याची तेरा वर्षांची मुलगी एडिथ विषमज्वराने गेली. सात मुलं झाली, चार मुलगे मोठे झाले. थोरला चार्ली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत असताना मानसिक आजाराने कोलमडला, नंतर सावरून अधिकारी झाला. त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट यालाही पुढे तोच त्रास. ॲलिसची आणि त्याची पत्रं शिल्लक आहेत. पुन्हापुन्हाच्या बाळंतपणांनी आपण किती थकलो आहोत हे ती नवऱ्याला स्पष्ट लिहिते. ते १८७१ साल होतं. आपल्याकडच्या किती पणज्यांना हे लिहिता आलं असतं? लिहिता येत असतं तरी?

आता सॅन अँजेलो कसं निवांत आहे. तेव्हा नदीपलीकडचं ते गाव म्हणजे दारूचे गुत्ते आणि जुगार. जानेवारी १८८१ मध्ये दहाव्या पलटणीचा शिपाई विल्यम वॉटकिन्स एका गुत्त्यात गाणी म्हणून, नाचून लोकांची करमणूक करत होता. दमला आणि थांबला. टॉम मॅकार्थी नावाच्या मेंढपाळ मालकाला ते चाललं नाही. त्याने गोळी घातली. पहारेकऱ्यांनी मॅकार्थीला पकडून शेरीफच्या ताब्यात दिलं. गावात मात्र तो मोकळा हिंडतो आहे असं दिसलं तेव्हा सैनिकांनी पत्रक छापून लावलं. आम्ही शांतताप्रिय माणसं आहोत, आमच्या वाटेचा हक्क मान्य करा, न्याय मिळणार नसेल तर मग दोषी बघणार नाही आणि निर्दोषही, अशा अर्थाचं. मग ते नदी ओलांडून गेले आणि हॉटेलवर गोळीबार केला. टेक्सास रेंजर्स, म्हणजे राज्याचे सशस्त्र पोलीस, आले, ग्रिअरसनने जवानांना आवरलं. मॅकार्थीवर ऑस्टिनला खटला चालला. ज्युरीने त्याला सोडून दिलं.

मी आयुष्यभर पोरांना “थांबू नकोस, अजून एकदा” असं म्हणत आलो. त्या गुत्त्याची गोष्ट वाचल्यापासून ते वाक्य मला तितक्या सहज म्हणवत नाही.

या मुलखात लढाईपेक्षा पाणी महत्त्वाचं. जुलै १८७७ मध्ये कॅप्टन नोलनची कंपनी पठारावर कोमांचेंच्या मागावर गेली आणि वाट चुकली. ८६ तास पाण्याविना. मेलेल्या घोड्यांचं रक्त प्यायले. चार सैनिक दगावले. ग्रिअरसनने पुढची वर्षं पश्चिम टेक्साससाठी झरे, टाकी, घाट यांची नोंद करण्यात, रस्ते आणि तारा ओढण्यात घातली. म्हणून १८८० मध्ये अपाची सरदार व्हिक्टोरिओ मेक्सिकोतून वर येऊ लागला तेव्हा ग्रिअरसनने पाठलाग करायचं नाकारलं. आजवर व्हिक्टोरिओच्या मागे धावणाऱ्या तुकड्या घोडे मारून रिकाम्या हाताने परतत होत्या. ग्रिअरसन म्हणाला, तो कुठेही जाईल, पाण्यावर येईलच. आपण पाण्यावर बसू.

३० जुलैला टिनाहा दे लास पाल्मास या टाक्यावर तो स्वतः मूठभर माणसांनिशी दगड रचून बसला. बरोबर सुट्टीवर आलेला रॉबर्ट. व्हिक्टोरिओने हल्ला केला, काही तास चकमक झाली, कुमक आली, अपाची मागे हटले. पाणी मिळालं नाही. मग व्हिक्टोरिओ दुसऱ्या झऱ्याकडे निघाला तर ग्रिअरसनने डोंगरापलीकडून समांतर ६५ मैलांची दौड २१ तासांत मारली आणि ६ ऑगस्टला रॅटलस्नेक स्प्रिंग्जवर आधी पोचला. व्हिक्टोरिओ मेक्सिकोत परतला. ऑक्टोबरमध्ये त्रेस कास्तियोसला मेक्सिकन फौजेने त्याला गाठून मारलं. घोड्यांवर राग असलेल्या माणसाने घोडदळाला सर्वांत मोठी गोष्ट काय शिकवली, तर धावू नका. जावयाला हे वाक्य मी ऐकवलं तर म्हणाला, “बाबा, हे तुम्ही मुद्दाम जुळवलंत.” जुळवलं असेन, पण खोटं नाही.

दहाव्या पलटणीत हेन्री फ्लिपर होता, वेस्ट पॉइंटमधून उत्तीर्ण झालेला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी. १८८१ मध्ये फोर्ट डेव्हिसला त्याच्यावर पैशांच्या अफरातफरीचा खटला झाला. अफरातफर सिद्ध झाली नाही, पण ‘अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन’ म्हणून बडतर्फ केलं. ग्रिअरसनने त्याच्या बाजूने लेखी साक्ष दिली होती. उपयोग झाला नाही. अध्यक्ष क्लिंटनने फ्लिपरला माफी दिली १९९९ मध्ये.

चोवीस वर्षं ग्रिअरसन कर्नलच राहिला. ज्यांची युद्धातली कामगिरी त्याच्यापेक्षा कमी ते त्याच्या पुढे गेले. त्याने वेस्ट पॉइंट पाहिलं नव्हतं, माफी मागायची सवय नव्हती, आणि तो दहावीचा होता. यातलं कुठलं कारण किती मोठं ते तोलून सांगता येत नाही, पण तिसरं कारण नव्हतंच असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसणार नाही. ॲलिस १८८८ मध्ये गेली. ५ एप्रिल १८९० ला त्याला ब्रिगेडियर जनरल केलं आणि ८ जुलैला, चौसष्टाव्या वाढदिवशी, तो निवृत्त झाला. १८९७ मध्ये दुसरं लग्न केलं. १९११ मध्ये मिशिगनमधल्या ओमेना इथे वारला.

मधल्या काळात, १८९८ मध्ये, स्पेनविरुद्धच्या युद्धात दहावी पलटण क्युबात सान हुआनच्या टेकड्यांवर लढली. घोडे मागे फ्लोरिडात राहिलेले, सगळे पायीच चढले. शेजारी थिओडोर रूझवेल्टचे स्वयंसेवक होते. टेकडीवरचा फोटो रूझवेल्टच्या माणसांचा गाजला, आणि तीन वर्षांत तो राष्ट्राध्यक्ष झाला.